चावडीचा भार कोण उचलतो?

गावची जुनी चावडी दुरुस्तीला काढली की ग्रामसभेत पहिला विषय निघतो भिंतींचा. पोपडे निघालेत, सिमेंटचा गिलावा करून घ्या. मग फरशीचा विषय. निधी उरला तर वर स्लॅब. ही तिन्ही कामे मन लावून केली तर चावडीचे आयुष्य वाढण्याऐवजी कमी होते, कारण तिन्हींमागे एकच चुकीची समजूत आहे: छप्पर भिंतींवर टेकले आहे. देशावरच्या बहुतेक जुन्या चावड्यांत ते लाकडी खांबांवर असते. भिंत आडोशाला असते. ऊन, वारा आणि चोर अडवणे एवढेच तिचे काम. भार कुठून कुठे उतरतो हे एकदा कळले की कुठे पैसा घालायचा आणि कशाला हातही लावायचा नाही, हे आपोआप कळते.

इथे घेतली आहे ती पुणे, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर आणि मराठवाडा या पट्ट्यातली, दगड-माती-लाकडाची चावडी. कोकणात जांभ्याचे चिरे आणि उतरती कौले. तिथली दुखणी वेगळी, ती ओघात येतील तेवढीच.

आराखडा कामावरून ठरलेला

चावडीत पाटील वसुलीला बसे, कुलकर्णी हिशेब लिही, चौगुला हाताशी असे. तंटे मिटवायला गोतसभा इथेच भरे. सरकारी माणूस किंवा वाटसरू मुक्कामाला आला तर त्याची पथारीही इथेच. शिर्डीची चावडी साईबाबांमुळे देशभर ठाऊक झाली. ते एकाआड एक रात्र तिथे मुक्कामाला जात. पण तीही मुळात गावकीच्या कामाचीच जागा.

या कामांना दोन परस्परविरोधी गोष्टी लागतात. वसुली आणि निवाडा चारचौघांत व्हायला हवा, म्हणून समोरची बाजू पूर्ण उघडी. पैसा, कागद आणि कधी खोड्यात अडकवलेला माणूस सांभाळायला हवा, म्हणून मागे किंवा एका कडेला बंद खोली: लहान दार, खिडकी नाही, असलाच तर भिंतीत वर एक झरोका. बऱ्याच गावांत दप्तराचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागद, कुलकर्ण्याच्या घरीच असत, त्यामुळे काही चावड्यांना ही खोली नाहीच. तीन बाजूंनी भिंत, समोर खांबांची रांग, वेशीच्या आत किंवा मारुतीच्या देवळासमोर मोकळ्या जागेकडे तोंड, हा ठरलेला साचा.

जोत्याच्या उंचीतही गावाची उतरंड होती. ओट्यावर कोण बसणार, पायरीशी कोण थांबणार आणि खाली अंगणात कोण उभे राहणार, हे जातीवर ठरे. चावडीची राखण, बोलावणी आणि सरकारी ओझी वाहणे ही कामे महारांकडे, पण त्यांची जागा जोत्याखाली. महारवाड्यात स्वतंत्र तक्क्या, म्हणजे बैठकीची जागा, असायचा तो म्हणूनच. चावडीच्या दगडी पायऱ्यांचे कौतुक करताना हे सोडून देता येत नाही.

मुंबई राज्यात कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने गेली, मुलकी पाटलाचे पद महाराष्ट्रात १९६२ च्या कायद्याने. चावडी मात्र कायद्यात टिकून राहिली. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणे तलाठ्याने फेरफाराच्या नोंदीची प्रत चावडीत ठळक जागी लावायची असते, आणि गावकऱ्यांसमोर सातबारा-आठअ वाचून दाखवण्याला आजही चावडी वाचन म्हणतात. दुरुस्तीआधी इमारत महसूल खात्याच्या नावावर आहे की ग्रामपंचायतीच्या, हे नमुना ८ (ग्रामपंचायतीची मिळकतींची नोंद) आणि गावठाणाच्या नकाशावरून पाहून घ्यावे. यावरून अडलेली कामे भिंत पडून अडलेल्या कामांपेक्षा कमी नसतील.

खण: मोजमापही आणि मर्यादाही

जुनी इमारत खणांत मोजतात. तुळई म्हणजे खांबांवर टेकलेले जाड आडवे लाकूड. दोन खांबांमधली, एका तुळईच्या लांबीची जागा म्हणजे एक खण. चावडी तीन, पाच किंवा सात खणांची. विषम आकडा धरला की मधोमध खांब येत नाही, बैठक किंवा दार येते. खणाची लांबी गावोगाव वेगळी, पण साधारण पाच ते आठ फुटांच्या आत. जास्त का नाही? लाकूड मिळत नव्हते एवढेच कारण नाही. सारख्याच जाडीची तुळई घेऊन खणाची लांबी दुप्पट केली, तर फुटामागे तेवढेच वजन असतानाही तिचा वाक सोळापट होतो. उलट, तुळईची उंची दुप्पट केली तर ती आठपट ताठ होते. म्हणून तुळई नेहमी उभी बसवतात, सहा इंच रुंद आणि आठ इंच उंच, कधीच आडवी नाही. दुरुस्तीत नवी तुळई घालताना ‘बसायला सपाट बरी’ म्हणून ती आडवी टाकलेली पाहायला मिळते. एका झटक्यात तिचा ताठपणा जवळजवळ निम्मा जातो.

खांबाच्या माथ्यावर दोन्ही बाजूंना बाहेर आलेला लाकडी हात असतो, तो हस्त. त्यावरचे केळफूल पाहून तो शोभेचा वाटतो, पण भाराच्या कामात त्याचा वाटा मोठा आहे. आठ फुटांच्या खणात दोन्हीकडून एकेक फूट हस्त पुढे आला तर तुळईचा मोकळा पल्ला सहा फूट उरतो, आणि हिशेबाने वाक जवळपास एक तृतीयांशावर येतो. शिवाय दोन तुळयांची टोके हस्तावरच जुळतात, त्यामुळे त्यांना टेकायला खांबाच्या सहा इंचांऐवजी दोन फूट जागा मिळते. हस्त चिरला किंवा कुजला तर तो काढून फेकू नये. आधी त्याची प्रतिकृती घडवून घ्यावी, मगच हात लावावा.

खांबांमधली लाकडी महिरप मात्र खरोखर शोभेची. पेशवाईतल्या, सुरूच्या झाडाच्या आकाराच्या खांबांची आणि पाकळीदार महिरपींची नक्कल चांगल्या ऐपतीच्या गावांनी चावडीतही केली. ती कमान दिसते, पण कमानीचे काम करत नाही; पातळ फळ्या तुळईला आणि खांबाला अडकवलेल्या असतात. तिला पंखा, भोंगा किंवा बॅनरची दोरी बांधली की ती खिळ्यांतून सुटते.

जोते आणि तळखडा

जोते अडीच ते चार फूट उंच. दर्शनी बाजूला घडीव काळा दगड, आत मुरूम आणि माती ठोकून भरलेली, वर शेणाने सारवलेली जमीन किंवा पुढे रेल्वेने आलेली शहाबादी फरशी. उंचीची कारणे साधी: रस्त्याचे पाणी आत येऊ नये, आणि समोर उभ्या गर्दीला ओट्यावर बसलेल्याचे तोंड दिसावे.

लाकडी खांब जमिनीत कधी पुरत नाहीत. तो तळखड्यावर, म्हणजे घडीव दगडी बैठकीवर उभा असतो, आणि तळखडा जमिनीपासून निदान सहा इंच वर दिसायला हवा. खांबाच्या तळाला छोटे कुसू असते, ते तळखड्याच्या खाचेत बसते. कुसू खांबाला जागेवर धरते इतकेच. भार पूर्ण दगडावर उतरतो. काळा दगड पाणी फारसे शोषत नाही, त्यामुळे जमिनीची ओल लाकडापर्यंत चढत नाही. वाळवीलाही वर जायचे तर दगडाच्या बाहेरून मातीची नळी बांधत जावे लागते, आणि ती डोळ्यांना दिसते. तळखडा आठवड्याला एकदा झाडला आणि नळी दिसताच मोडली, तर अर्धा बंदोबस्त तिथेच झाला.

माळवद: थर आणि टन

माळवद म्हणजे मातीचे सपाट छप्पर. खांबांच्या ओळीवर तुळया. तुळयांवर आडव्या, साधारण फूटभर अंतराने कड्या. कड्यांवर सागवानी फळ्या, म्हणजे कडीपाट; खर्च झेपत नसेल तिथे फोडलेल्या लाकडाच्या चिरफळ्या. त्यावर कडुनिंबाचा किंवा निरगुडीचा पाला, कीड लागू नये आणि फटींतून माती गळू नये म्हणून. पाल्यावर तुडवलेला चिखल, आणि सर्वांत वर पांढरी माती.

ही माती कुठलीही चालत नाही. जुन्या गावठाणाची, गढीची किंवा क्षाराची माती लागते. तिच्यातल्या चिकणमातीला सोडियमचे क्षार चिकटलेले असतात. पावसाचे पहिले थेंब पडले की तिचे कण सुटे होतात, फुगतात आणि मातीतली बारीक छिद्रे बुजवतात. वरचा पातळ थर भिजून बंद झाला की खालचा कोरडा राहतो. उन्हाळ्यात तोच थर तडकतो, म्हणून दरवर्षी मृगाच्या आधी भेगा भरून वर नवा हात द्यावा लागतो. पावसाळ्यानंतर उगवलेले गवत मुळासकट उपटावे लागते, नाहीतर मुळांच्या वाटेने पुढच्या वर्षी पाणी आत येते. उताराला दहा फुटांमागे तीन इंच पुरेत, आणि पन्हाळी भिंतीबाहेर निदान दीड फूट आलेली हवी. पन्हाळ तुटून पाणी भिंतीवरून ओघळू लागले की त्या जागची भिंत दोन-तीन पावसाळ्यांत फुगते.

खरी अडचण नव्या मातीची. दरवर्षी वर चढते, खालची कोणी काढत नाही. हिशेब करून पाहू. पाच खणांची चावडी, खण सहा फुटांचा, समोरून मागपर्यंतचे अंतर आठ-आठ फुटांच्या दोन भागांत. म्हणजे ३० फूट बाय १६ फूट, ४८० चौरस फूट, साधारण ४४.६ चौरस मीटर. खांबांच्या तीन रांगा: एक समोर, एक मधे, एक मागच्या भिंतीत. मातीचे वजन घनमीटरला १,७०० किलो धरले तर सहा इंचांच्या थराचे वजन होते साडेअकरा टनांच्या आसपास. थर दीड फुटांवर गेला की ३४ टन, तेही कोरड्या मातीचे.

हे वजन कोण किती उचलतो? मधल्या रांगेतल्या एका खांबाच्या वाट्याला सहा बाय आठ, म्हणजे ४८ चौरस फूट छप्पर येते. सहा इंच मातीला त्याच्यावर सुमारे १,१५० किलो, दीड फुटाला साडेतीन टनांच्या आत. सहा इंच चौरस धड सागवानी खांबाला हे काहीच नाही; चेंगरून मोडणारा खांब सहसा नसतोच. तुळईवरही सहा बाय आठ इंचांच्या मापात ताण आवाक्यात राहतो. पण आठ फूट पल्ल्याच्या, तीन बाय चार इंचांच्या कडीवर सहा इंच मातीला चौरस सेंटिमीटरला सुमारे ४६ किलो ताण येतो आणि दीड फुटाला १४० किलोच्या घरात. चांगल्या सागाची सुरक्षित मर्यादा जवळपास तिथेच संपते. त्यात पावसाने भिजलेली माती आणि वर मिरवणूक पाहायला चढलेली पोरे. म्हणून जड माळवदाखाली आधी कड्या वाकतात, मग तुळया, आणि खांब सर्वांत शेवटी. खाली उभे राहून वर पाहिले आणि कड्यांची रांग झोळीसारखी लोंबलेली दिसली, तर दोष लाकडाचा नाही, वरच्या मातीचा आहे.

कुजण्याचा हिशेब आणखी कडक. तुळईची ताकद तिच्या उंचीच्या वर्गाने बदलते. आठ इंचांतले वरचे दोन इंच पाण्याने गेले, तर ताकद एक चतुर्थांशाने कमी होत नाही. उरते ५६ टक्के. आणि तुळई कुजते ती वरूनच, जिथे दिसत नाही तिथे.

विसाव्या शतकात अनेक चावड्यांवरची माती काढून मंगलोरी कौले चढली. या कौलांचा पहिला कारखाना मंगलोरात १८६५ मध्ये बासेल मिशनने काढला होता. चौरस मीटरला साधारण पंधरा कौले, म्हणजे चाळीस किलोच्या आत-बाहेर. मातीच्या सहावा हिस्साही नाही. पण कौलांना उतार लागतो, उताराला कैची, म्हणजे लाकडांचा त्रिकोणी सांगाडा, लागते, आणि कैची नीट बांधली नाही तर तिचे पाय भिंतींना बाहेर ढकलतात. हलके छप्पर वाऱ्यानेही उचलते. वानरांचा उपद्रव असेल तर दर पावसाळ्याआधी कौले चाळायला माणूस ठरलेला हवा.

भिंत: दोन पदर आणि मधे भुसकट

दोन ते तीन फूट जाडीची भिंत पाहून ती एकसंध वाटते. आत पाहिले तर दोन स्वतंत्र पदर दिसतात, एक बाहेरचा, एक आतला, आणि मधे दगडाचे तुकडे व माती. चांगल्या गवंड्याने मधून मधून आरपार जाणारे लांब दगड घातलेले असतात. तेच दोन्ही पदर एकत्र धरतात. ते नसले तर पाणी मधल्या भरावात शिरते, भराव खाली बसतो आणि बाहेरच्या पदराला पोट सुटते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे गेली. तिथली घरे याच पद्धतीची होती: मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, आरपार दगड जवळपास नाहीत, वर दोन फुटांपर्यंत पोहोचलेले माळवद. पण अनेक ठिकाणी भिंती बाहेर कोसळल्या आणि खणांचा लाकडी सांगाडा छप्परासह उभा राहिला. सांगाडा किती उपयोगाचा, आणि भिंत व माती किती धोक्याची, हे इतक्या स्पष्टपणे दुसऱ्या कशानेही दाखवले नसेल. जुन्या दगडी भिंतीत आरपार बांध घालताना नियम सोपा: उंचीत दर दोन फुटांना आणि आडव्या अंतरात चार फुटांच्या आत एक. भोक हळूहळू दगड सैल करून पाडायचे, ड्रिलने भिंत हादरवायची नाही. त्यात सळई टाकून काँक्रीट भरले तरी चालते. शिवाय खांब आणि तुळई यांच्या कोपऱ्यात तिरपे लाकडी किंवा लोखंडी आधार दिले की सांगाडा एका अंगाला झुकत नाही. जुन्या सांगाड्याची कमजोरी हीच: उभा भार उत्तम घेतो, आडव्या धक्क्याला फक्त कुसू आणि खाच.

बिघडते कुठे

चावडीचा पहिला शत्रू दारातला रस्ता. जुना न उकरता त्यावर दर काही वर्षांनी सिमेंटचा नवा थर पडतो. तीन फुटांचे जोते दीड फुटावर येते, पायऱ्या गाडल्या जातात, गटार वर राहते आणि पाणी जोत्याच्या भरावात मुरते. चावडीच्या दुरुस्तीचा निधी मंजूर करताना रस्त्याच्या ठेकेदाराला ‘आधी उकर, मग ओत’ एवढी एक अट घातली तरी फायदा होतो.

आत तीच गोष्ट फरशीची. सारवलेल्या जमिनीवर शहाबादी, तिच्यावर काँक्रीट, त्यावर चकचकीत टाइल. प्रत्येक थर दोन-तीन इंचांचा. तीन थरांत तळखडा गडप होतो आणि खांब थेट फरशीत उगवल्यासारखा दिसतो. पुसण्याचे पाणी त्याच्या तळाशी साचते. टाइलच्या खाली अडकलेली जमिनीची ओल मोकळ्या जागेने बाहेर पडू शकत नाही, ती खांबाच्या आणि भिंतीच्या कडेने वर येते.

मग सिमेंटचा गिलावा. मातीची भिंत जमिनीतून थोडी ओल ओढतेच. पृष्ठभागातून ती सुकून जाते. सिमेंटने पृष्ठभाग बंद केला की ओल आणखी वर चढते, सुकायला जागा शोधत. मागच्या रांगेचे खांब भिंतीच्या आत असतात. समोरचे खांब तेलपाणी करून चमकत असताना हे आतले खांब गिलाव्यामागे भुसा होत असतात, आणि ते कळते छप्पर मागे कलल्यावर.

स्लॅबबद्दल एक गैरसमज आहे की तो जड म्हणून वाईट. चार इंची स्लॅबचे वजन चौरस मीटरला २५० किलो, म्हणजे सहा इंच मातीएवढेच. घात वजनाने होत नाही, भाराची वाट बदलल्याने होतो. स्लॅब टाकताना तुळया-कड्या काढतात आणि तो सरळ भिंतींवर टेकवतात. दोन पदरांच्या, मातीत रचलेल्या, आजवर कधीही छप्पर न उचललेल्या भिंतींवर अचानक अकरा टन येतात, तेही बहुतेक आतल्या पदरावर. खांब शोभेला तसेच ठेवले, तर ते नुसते उभे.

दुरुस्ती कोणत्या क्रमाने

आधी पाणी, मग माती, मग लाकूड, मग भिंत, शेवटी रंग. ठेकेदाराला रंग आधी हवा असतो, कारण उद्घाटन रंगावर होते.

पाण्याचे काम म्हणजे पन्हाळी, चहूबाजूंचा उतार आणि उघडे गटार. हे काम महाग नाही, आणि त्यानंतर एक पावसाळा थांबून पाहिले तर निम्म्या ओली आपोआप सुकलेल्या आढळतात.

माळवदाची माती उन्हाळ्यात उतरवावी. एक खण पूर्ण रिकामा करून दुसऱ्याकडे वळायचे नाही. सगळ्या छपरावरून दोन-तीन इंचांचा थर, मग पुढचा थर. भार एकतर्फी झाला की जुने सांधे पिळतात. काढलेली माती कडेला ढीग करून ठेवायची नाही, घमेल्याने लगेच खाली. वरच्या उदाहरणातल्या चावडीवरून फूटभर माती काढली तर ४८० घनफूट होते, सुटी झाल्यावर ६०० च्या आसपास, म्हणजे १०० घनफुटांच्या सहा ट्रॉल्या. फळ्या उघड्या पडल्या की प्रत्येक कडी आणि तुळईचा माथा दाभणाने टोचून पाहावा. दाभण पाव इंचाच्या आत अडले तर लाकूड धड; सहज अर्धा-पाऊण इंच गेले तर कूज आहे. हातोडीच्या टोल्याला खणखणीत आवाज हवा, बद्द नको. सगळे कोरडे आणि धड असेल तर नवा पाला घालून माती सहा इंचांवर थांबवावी आणि ही खूण कठड्याच्या आतल्या बाजूला रंगाने आखून ठेवावी, म्हणजे पुढे कोणी वर भर घालणार नाही.

खांबाचा तळ कुजला असेल तर पूर्ण खांब बदलायची घाई नको. खांबाच्या दोन्ही बाजूंना तुळईखाली जाड फळीवर जॅक आणि टेकू लावायचे. जॅक अगदी सावकाश चढवायचा. खांब आणि तळखडा यांच्या फटीत हॅक्सॉचे पाते सरकू लागले की थांबायचे. तेवढे दोन-तीन मिलिमीटर पुरतात. त्याहून वर उचलले की वरच्या गिलाव्याला आणि शेजारच्या सांध्यांना तडे जातात. वर्षानुवर्षे वाकलेली तुळई जॅकने सरळ करायचा मोह तर टाळावाच. ती वाकल्या आकारात स्थिर झालेली असते, सरळ होण्याआधी चिरते. कूज पाच-सहा इंचांच्या आत असेल तर लाकूड जोडूच नये: तेवढा भाग कापून तितकाच उंच घडीव दगड खाली घालावा. कूज त्याहून वर असेल तर निरोगी लाकडापर्यंत कापून नव्या, सुकवलेल्या सागाचा तुकडा तिरप्या सांध्याने जोडावा. सांध्याची लांबी खांबाच्या जाडीच्या तिप्पट, म्हणजे सहा इंची खांबाला दीड फूट. दोन गंज न धरणारे १२ मिलिमीटरचे बोल्ट. एका वेळी एकच खांब. शेजारच्या दोन खांबांचे काम एकत्र काढून दोन दिवस वाचवणारा सुतार नको.

भिंतीला चुना. भिजवलेला चुना निदान तीन आठवडे पाण्याखाली मुरू द्यावा. एक भाग चुना, दोन भाग धुतलेली वाळू. गूळ, हिरडा, बेलफळ घालायची जुनी रीत आहे, पण प्रमाण माहीत असलेला गवंडी नसेल तर साधा चुनाच चांगला. दगडांमधली फट जितकी रुंद, त्याच्या दुप्पट खोल खरवडून मग दर्ज भरावी. गिलाव्याचा एक हात दहा-बारा मिलिमीटर, त्याहून जाड एकदम नाही, आणि आठवडाभर पाणी शिंपडत ओला ठेवायचा. हे काम पावसाळ्यानंतर ऑक्टोबर ते फेब्रुवारीत. चैत्राच्या उन्हात चुना पकडण्याआधीच सुकतो आणि भुकटी होतो.

चाकाच्या खुर्चीसाठी उतार हवा असेल तर फुटाला बारा फूट हे माप पाळावे. तीन फुटांच्या जोत्याला छत्तीस फूट लांबी लागते, म्हणून तो दर्शनी बाजूला न काढता कडेने वळवून न्यावा. विजेच्या नळ्या लाकडावरून उघड्या न्याव्यात. तुळईच्या खालच्या अंगाला मधोमध खाच किंवा भोक कधीच नको. सर्वांत जास्त ताण तिथेच असतो. पंखा तुळईजवळच्या कडीला पट्टा बांधून टांगावा.

लाकडाला ऑइलपेंट लावू नये, त्याखाली ओल कोंडते. बेलतेलाचे (उकळलेल्या जवसाच्या तेलाचे) दोन-तीन पातळ हात, प्रत्येक हात पूर्ण मुरल्यावर पुढचा, आणि वर राहिलेले तेल खडबडीत कापडाने पुसून काढायचे. हे तेल पुसलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. कामगार संध्याकाळी घरी जाण्याआधी त्या पाण्यात बुडवाव्यात किंवा उघड्यावर एकेक पसरून वाळवाव्यात.